विश्लेषण : आप्तांच्या आठवणीत दौड, कर्करोग संशोधनाला निधी… हा पैसा संशोधनापर्यंत पोहोचतो कसा?

घरातले माणूस कर्करोगाने गेले की त्याच्या पहिल्या स्मृतिदिनी अन्नदान होते, शाळेला वह्या दिल्या जातात, कुणी गावच्या स्मशानभूमीत बाके बसवून देतो. मोठ्या शहरांत याला आणखी एक पर्याय रुजला आहे. गेलेल्या माणसाच्या नावाने पाच-दहा किलोमीटर धावायचे, चालायचे किंवा सायकल चालवायची आणि जमलेला पैसा कर्करोग संशोधनाला द्यायचा. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबेही याला अपवाद नाहीत. अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा मलकापूर-शेगावहून रेल्वेने थेट मुंबई, अशी त्यांची उपचारांची वाट असते. अशा एखाद्या कुटुंबाने आपल्या गावात स्मृतिदौड भरवायची ठरवली, तर त्या पैशाने खरेच काही साधते का?

ही कल्पना आली कुठून?

स्मृतिदौडीची जगभर माहीत असलेली सुरुवात कॅनडातली आहे. टेरी फॉक्स या तरुणाला मार्च १९७७मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी हाडाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयात त्याने इतर रुग्णांचे, विशेषतः लहान मुलांचे हाल पाहिले. संशोधनाला पैसा मिळाला तरच हे चित्र पालटेल, हे त्याच्या मनाने घेतले. १२ एप्रिल १९८० रोजी अटलांटिक किनाऱ्यावरील सेंट जॉन्स शहरातून तो कृत्रिम पाय लावून धावत निघाला. संपूर्ण देश ओलांडायचा आणि प्रत्येक नागरिकाकडून एक डॉलर मिळवायचा, असा त्याचा बेत होता. रोजचे अंतर साधारण ४२ किलोमीटर. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळामार्गे मलकापूर गाठावे, जवळपास तेवढे, तेही रोज.

१४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. २८ जून १९८१ रोजी, २३वा वाढदिवस महिन्यावर असताना त्याचे निधन झाले. हॉटेल व्यावसायिक इझाडोर शार्प यांचा किशोरवयीन मुलगा १९७८मध्ये त्वचेच्या कर्करोगाने गेला होता. टेरीच्या नावाने दरवर्षी दौड व्हावी, ही कल्पना त्यांनी उचलून धरली. १३ सप्टेंबर १९८१ रोजी झालेल्या पहिल्या दौडीत सुमारे तीन लाख लोक सहभागी झाले आणि ३५ लाख कॅनेडियन डॉलर जमले. तेव्हापासून या चळवळीने संशोधनासाठी ८५ कोटी डॉलरहून अधिक निधी उभा केला आहे. या दौडीत पहिला-दुसरा क्रमांक नसतो आणि बक्षीसही नसते. मुंबईतही टेरी फॉक्स दौड झाली असून तिचा निधी टाटा मेमोरियलमधील संशोधनाकडे गेला आहे.

महाराष्ट्रात अशी परंपरा आहे का?

दौडीची नसली, तरी आप्ताच्या आठवणीतून कर्करोग संशोधन उभे करण्याची परंपरा महाराष्ट्रात टेरी फॉक्सच्या अर्धशतक आधीची आहे. तिचा खेळाशीही संबंध आहे. सर दोराबजी टाटा यांनी १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू पाठवण्यासाठी पुढाकार घेतला आणि पदरचे पैसे घातले. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. त्यांच्या पत्नी मेहेरबाई उत्तम टेनिस खेळत आणि १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील भारतीय टेनिस चमूत त्यांचे नाव होते. १९३१मध्ये मेहेरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये निधन झाले. त्या काळी या आजारावर परिणामकारक औषध नव्हते. दोराबजींनी १९३२मध्ये पत्नीच्या नावाने ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापन केला. रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जगभरातील शास्त्रज्ञांना या ट्रस्टने अर्थसाह्य दिले. त्याच वर्षी जूनमध्ये दोराबजीही गेले.

पुढे टाटांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले. १९६२मध्ये ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. त्या वेळी या विभागाची धुरा डॉ. होमी भाभा यांच्याकडे होती आणि मेहेरबाई या भाभांच्या सख्ख्या आत्या. आत्याच्या आजारानंतर सुरू झालेले काम असे भाच्याच्या विभागाकडे आले.

ग्रामीण भागातील उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे. अभिनेत्री नर्गिस यांचे ३ मे १९८१ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. बार्शीतील कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७मध्ये याच बार्शीत सुरू झाली. या रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या एका अभ्यासाची दखल पुढे जगाने घेतली.

दौडीतून पैसा जमतो कसा?

दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे प्रवेश शुल्क. पण टी-शर्ट, पाणी, अल्पोपाहार, रुग्णवाहिका, मंडप आणि ध्वनिक्षेपक यांचा खर्च वजा जाता शुल्कातून फारसे काही उरत नाही. दुसरी वाट म्हणजे पाठबळाची देणगी. धावणारा आपल्या नातेवाइकांना, मित्रांना, कार्यालयातील सहकाऱ्यांना सांगतो, ‘मी आईच्या आठवणीत दहा किलोमीटर धावणार आहे, तुम्ही या कामाला देणगी द्या.’ खरा निधी इथून येतो. २००४पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अनेक स्वयंसेवी संस्थांसाठी याच पद्धतीने निधी जमवला जातो.

खर्च आणि देणगी वेगळी ठेवण्याचे चांगले उदाहरण अमेरिकेतील ‘पॅन-मास चॅलेंज’ या सायकलफेरीचे आहे. बिली स्टार यांची आई १९७४मध्ये त्वचेच्या कर्करोगाने गेली. १९८०मध्ये त्यांनी ३५ जणांना सोबत घेऊन, म्हणजे एकूण ३६ सायकलस्वारांची फेरी काढली आणि १०,२०० डॉलर जमवून बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेला दिले. आज या फेरीने दिलेली एकूण रक्कम १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. आयोजनाचा खर्च प्रवेश शुल्क आणि प्रायोजकांकडून भागवला जातो. सायकलस्वारांनी जमवलेली देणगी पूर्णच्या पूर्ण संस्थेला जाते. सुरुवात ३६ जणांची होती, ही बाब तालुक्याच्या गावात असे काही करू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

उपचाराला मदत आणि संशोधनाला मदत यांत फरक काय?

बऱ्याच निधिसंकलनात हे दोन्ही एकत्र मिसळले जाते. रुग्णाच्या केमोथेरपीचे बिल भरणे, मुंबईत राहण्याची सोय करणे, तपासणी शिबिर घेणे ही मदत आहे. तिची गरज मोठी आहे आणि तिचा परिणाम लगेच दिसतो. उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखा सरकारी आधारही आहे. त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते.

संशोधन म्हणजे अद्याप उत्तर माहीत नसलेला प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवणे. हे औषध त्या औषधापेक्षा बरे का? ही तपासणी केली तर मृत्यू खरेच घटतात का? यासाठी शेकडो, कधी लाखभर माणसांची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी लागते. नोंदी ठेवणारे कर्मचारी, गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका, नमुने साठवण्याची सोय, संख्याशास्त्रज्ञ, नीती समितीची मान्यता या सगळ्याला खर्च येतो. उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते आणि तरीही तो पैसा वाया गेलेला नसतो. निरुपयोगी उपचार पुढच्या रुग्णांच्या वाट्याला येत नाही. स्मृतिदौडीच्या पत्रकावर ‘कर्करुग्णांसाठी’ आणि ‘कर्करोग संशोधनासाठी’ यांपैकी नेमके काय लिहिले आहे, हे म्हणूनच पाहायला हवे.

देणगीच्या पैशाचे महत्त्व कुठे?

ज्या प्रश्नाच्या उत्तरातून कुणाला नफा होणार नाही, तिथे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगावर केलेला प्रयोग पाहा. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन द्यायचे. दात काढताना बधिरता आणण्यासाठी वापरतात ते हेच औषध, अतिशय स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे. देशातील ११ केंद्रांतील सुमारे १,६०० महिलांवर झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. इंजेक्शन दिलेल्या गटात पाच वर्षांनंतर ९०.१ टक्के महिला हयात होत्या, न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. जुन्या आणि स्वस्त औषधाच्या अशा प्रयोगावर पैसा लावण्यात औषध कंपनीला फारसे स्वारस्य नसते. तो सरकारने, विश्वस्त संस्थांनी किंवा देणगीदारांनीच घालावा लागतो.

दुसरे उदाहरण तर धावण्या-चालण्याशीच जोडलेले आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांचा अभ्यास कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांत झाला. निम्म्या रुग्णांना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तीन वर्षे नियमित व्यायाम करायला लावला, उरलेल्यांना आरोग्यविषयक माहितीपुस्तिका दिली. जून २०२५मध्ये निष्कर्ष आले. आठ वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्या गटात ९०.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ८३.२ टक्के रुग्ण हयात होते. यातही विकायला औषध नव्हते. लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या कॅनेडियन कॅन्सर सोसायटीने या अभ्यासाला पैसा पुरवला होता.

संशोधन शहरात होते, मग बुलढाण्याचा संबंध काय?

महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाच्या कर्करोग अभ्यासांपैकी एक प्रयोगशाळेत नव्हे, तर खेड्यांत झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. त्यासाठी मोठे आर्थिक पाठबळ गेट्स फाउंडेशनचे होते. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ महिलांचे, त्यांच्या गावांच्या ५२ समूहांनुसार चार गट करण्यात आले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या देण्यात आल्या. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती मिळाली.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एप्रिल २००९मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ महिला दगावल्या, तर चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येऊ शकतात, हे त्यातून दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये एचपीव्ही चाचणीलाच प्राधान्य द्यावे अशी शिफारस केली. त्यामागील महत्त्वाच्या पुराव्यांत मराठवाड्यातील या शेतकरी, शेतमजूर महिला आहेत. चौथ्या गटाला तपासणी न दिल्याबद्दल नंतर नैतिकतेचे प्रश्नही उपस्थित झाले. संशोधनात नीती समिती आणि सहभागींची समजून-उमजून दिलेली संमती किती महत्त्वाची, हे त्यातून अधोरेखित होते.

धाराशिवसारखीच बुलढाण्यातही वस्ती मुख्यतः खेड्यांची आणि शेतीवर जगणारी आहे. तिथे लागू पडलेले उत्तर इथेही उपयोगी आहे. तंबाखूचा प्रश्नही तसाच. २०१६-१७च्या सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करतात. त्यांतील बहुतेक जण ती चघळतात. मुखाच्या कर्करोगावरील पुढचे प्रश्न विदर्भ-मराठवाड्यातील रुग्णांशिवाय सुटणारे नाहीत. संशोधनाला पैशाइतकीच माणसे लागतात. पाठपुराव्याला येणारा रुग्ण आणि खरी माहिती देणारे कुटुंब हेही त्याला एक प्रकारे देणगीच देत असतात.

बुलढाण्यात अशी दौड भरवायची तर काय करावे लागेल?

चालण्याची सवय जिल्ह्याला नवी नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरपर्यंत पायी जाते. शेकडो माणसांच्या चालण्याचे नियोजन कसे करायचे, पाणी, मुक्काम आणि औषधे कशी पुरवायची, याचा अनुभव इथे आहे. कायद्याची बाजू मात्र आधी पाहावी. नोंदणीकृत संस्था नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी घेतात तीच ही परवानगी. रस्त्यावरील कार्यक्रमासाठी पोलीस आणि नगर परिषदेचीही परवानगी घ्यावी.

सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे पैसा आपल्या हातात घ्यायचाच नाही. संशोधन करणाऱ्या संस्थेशी आधी पत्रव्यवहार करावा, रक्कम संशोधनासाठीच वापरली जाईल असे लेखी घ्यावे आणि देणगीदारांना थेट त्या संस्थेच्या खात्यात पैसे भरायला सांगावे. पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर जुन्या करप्रणालीत प्राप्तिकर सवलत मिळते, पण दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेवर मिळत नाही. परदेशात गेलेल्या नातेवाइकांबाबत एक बारकावा आहे. परदेशात राहणारा पण भारतीय नागरिकत्व असलेला माणूस बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची देणगी मात्र कायद्याने ‘परदेशी देणगी’ ठरते आणि ‘एफसीआरए’ नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते.

खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी टी-शर्ट, पदके आणि पाहुण्यांचे सत्कार यांना कात्री लावता येते. विदर्भाचे ऊन पाहता हिवाळ्यातील सकाळ बरी. पाच किलोमीटर चालण्याचा गट ठेवला तर आजी-आजोबा आणि उपचार पूर्ण केलेले रुग्णही डॉक्टरांच्या सल्ल्याने येऊ शकतात. त्याच मैदानावर दंतवैद्यांकडून तोंडाची तपासणी ठेवली तर तंबाखू खाणाऱ्यांपैकी काहींचे निदान वेळेत होऊ शकते. रुग्णाचे किंवा दिवंगत व्यक्तीचे छायाचित्र फलकावर लावण्याआधी कुटुंबाची संमती घ्यायलाच हवी.

देणगी देणाऱ्याने काय विचारावे?

चार प्रश्न पुरेसे आहेत. पैसा कोणत्या संस्थेला जाणार? उपचारांसाठी की संशोधनासाठी? शंभर रुपयांतील किती रुपये आयोजनावर खर्च होणार? आणि हिशेब कधी, कुठे जाहीर होणार? या प्रश्नांनी आयोजकाला राग येण्याचे कारण नाही. ज्याच्या नावाने लोक धावत आहेत, त्या माणसाच्या नावाला जपण्याचाच हा भाग आहे. दौड संपल्यावर महिनाभरात जमा रक्कम, खर्च आणि संस्थेची पावती गावातील फलकावर किंवा समाजमाध्यमांवर लावली, तर पुढच्या वर्षी वेगळे आवाहन करावे लागत नाही.

एका दौडीच्या लाख-दीड लाख रुपयांतून नवे औषध तयार होणार नाही, हेही आयोजकांनी प्रामाणिकपणे सांगावे. या रकमेतून एखाद्या संशोधन सहायकाचे काही महिन्यांचे मानधन निघू शकते किंवा रुग्णांच्या पाठपुराव्याच्या प्रवासाचा खर्च भागू शकतो. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण धाराशिवमधील ३४ आणि ६४ या दोन आकड्यांतील फरक कळला, तो कुणीतरी आठ वर्षे घरोघर जाऊन नोंदी ठेवल्या म्हणूनच.